वॉ आणि टर

"वॉ," पद्मावती म्हणाली, आणि मग बराच वेळ गेला. दुसरा तुकडा माळ्यावर कुठल्यातरी डब्यामागे पडलेला असावा, तसा तिने तो चाचपडत शोधला, धूळ झटकली आणि आणून टेबलावर ठेवला. "टर."

अर्धांगाच्या झटक्यात गेलेलं बोलणं तिला परत शिकवायला आठवड्यातून दोन दुपारी येणारी शिवलीला खुर्चीवरून जवळजवळ उठलीच. तिने टाळ्या वाजवल्या. आतल्या खोलीत बसून ऑफिसचं काम करणारी सून सुप्रीता हेडफोन मानेवर ओढत धावत आली, 'अम्मा, अम्मा' म्हणत सासूच्या डाव्या, चांगल्या खांद्याला बिलगली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात मुलाला, प्रणीतला, लगोलग मेसेज गेला आणि त्याच्याकडून टाळ्या वाजवणाऱ्या पिवळ्या हातांची रांग आली. ती रांग पद्मावतीच्या डोळ्यांसमोर धरण्यात आली. तिने पाहिली. ज्या बाईने बेंगळुरूमधल्या जे. पी. नगरच्या या इमारतीतल्या आणि मागच्या गल्ल्यांतल्या दोन पिढ्यांच्या पोरांना 'रिस्पॉन्सिबिलिटी'चे तुकडे पाडायला शिकवले, तिने पाण्याचं नाव घेतलं म्हणून घरात सण झाला होता. बारशाला आलेली माणसं पाळण्यात बघतात तशा दोघी तिच्या तोंडात बघत होत्या. मग सुप्रीताची मीटिंग खोळंबली होती म्हणून ती गेली. शिवलीलाने कन्नडमध्ये सांगितलं, अम्मा, आता स्वल्प विश्रांती घ्या, मग आपण 'विंडो' करू. फोन घेऊन ती खिडकीपाशी गेली, पाठमोरी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, म्हातारी बोलली गं आज."

मराठीत.

पद्मावतीला आधी वाटलं, हे आपल्याच डोक्यातलं. गेले कित्येक आठवडे डोक्यात मराठीची नुसती जत्रा भरलेली होती. बाहेर एक अक्षर पडत नव्हतं म्हणून आत गर्दी फार. त्यामुळे आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे कधी कधी पटकन उमगत नसे. पण हे मराठी तिचं नव्हतं. तिच्या मराठीला आमटीच्या फोडणीचा वास होता आणि मधे मधे कन्नडचा कढीपत्ता. हे मराठी उन्हातलं होतं, सीमेकडचं, उघड्या अंगणात मोठ्याने बोलायची सवय असलेलं. 'व्हय', 'न्हाई', 'लई दिसांनी'. डाव्या हातावर काटा आला. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडून होता. त्याला कशाचंच काही नव्हतं. खिडकीशी मुलगी सांगत होती की म्हातारी लई गोड हाय, डोळं बघ आई, काय डोळं हाईत, सगळं कळतंय तिला, खरं तोंडातनं कायबी भाईर पडंना. आणि पद्मावती मनात म्हणाली, सगळं कळतंय हे खरं, पण किती कळतंय ते तुला नाही कळलेलं, बाळ.

आता शिवलीलाला ते कळायचं काही कारणही नव्हतं. दारावर पाटी राव अशी. घरात सुनेशी कन्नड, मुलाशी इंग्रजी. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात भाषा कोणती, आणि प्रणीत म्हणाला होता, इंग्लिश, अँड ऑफ कोर्स कन्नड. पद्मावती पलंगावर पडून ते ऐकत होती. पोरगा खोटं बोलला असं तिला तेव्हाही वाटलं नाही. कुठल्याशा मराठी फौजेमागून दप्तर सांभाळत आलेले पूर्वज या मुलखात उतरले त्याला तीनशे-साडेतीनशे वर्षं झाली. तेव्हापासून या लोकांचा रिवाज असा की मराठी उंबऱ्याच्या आत. शाळेत नाव घालताना मातृभाषा कन्नड, रेशनकार्डाला कन्नड, शिरगणतीवाला आला तर त्यालाही कन्नड. लपवाछपवी नव्हती त्यात, संकोचही नव्हता. घरातली मऊ झालेली साडी नेसून कोणी फाटकापर्यंत जात नाही, तसं. पद्मावतीनेच प्रणीतला कन्नड लिहायला लावलं होतं, आणि पुढे त्याच्या कानाला इंग्रजी लागावं म्हणून त्याच्याशी ती घरातसुद्धा इंग्रजीच बोलली. तो मराठी समजतो. उत्तर इंग्रजीत देतो. नातू हर्ष मणिपालला हॉस्टेलवर असतो, त्याला समजतही नाही. हा सगळा व्यवहार तिनेच मांडलेला, शिल्लक काय राहणार हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

एकदा, नवरा होता तेव्हा, चौथ्या मजल्यावर पुण्याची आश्लेषा राहायला आली. मराठी कुटुंब आलं म्हणून पद्मावती हौसेने भिजवलेल्या डाळीची कोसंबरी घेऊन वर गेली आणि दारातच मराठीत बोलली. आश्लेषा आधी थक्क झाली, मग हसली. म्हणाली, "काकू, किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी जुन्या पोथीतून बाहेर आल्यासारख्या." नवऱ्यालाही तिने हाक मारून बोलावलं, अरे ऐक ना यांचं मराठी. काकूंनी आणखी दोन वाक्यं बोलून दाखवली, तोपर्यंत कोसंबरीचा डबा रिकामा करून मिळाला. त्या दिवसापासून ती आश्लेषाशी इंग्रजी बोलायला लागली, आणि तेही जरा जड इंग्रजी. घरी तिच्या नवऱ्याला, त्रिविक्रमरावांना, हे फार आवडलं होतं. ते म्हणाले, "पद्मा, तुला पोथीत बांधून ठेवली तर मी जेवायचं कुठे?" असं ते बोलत. रिटायर झाल्यावर दिवसभर बोलत. पेपर वाचत, पेपरातल्या माणसांना मराठीत नावं ठेवत, आणि ती स्वयंपाकघरातून त्यांच्या नाव ठेवण्याला नावं ठेवत असे. ते गेल्यावर घरात मराठी ऐकायचं तर एक उपाय उरला, मैसूरच्या धाकट्या भावाचा, जयतीर्थचा, रविवारचा फोन. तो अक्का म्हणून सुरुवात करी, आणि मग गुडघे, मठ, व्याही, दुधाचा वाईट दर्जा. ती ऐके आणि त्याला पिडे. ही आजारपणाची भानगड झाल्यावर सुप्रीताने एकदा फोन तिच्या कानाशी धरला. जयतीर्थ म्हणाला, अक्का, कशी आहेस. मग गप्प. तीही गप्प. दोघांचं गप्प बसणं बेंगळुरू-मैसूर चालू राहिलं. शेवटी त्याला रडू आलं आणि सुप्रीताने फोन काढून घेतला. आता तो सुप्रीतालाच विचारतो, कन्नडमध्ये, आणि सुप्रीता तिला सांगते, मामांनी चौकशी केली. चौकशी. सरकारी खात्यात करतात ती.

विश्रांती संपली. शिवलीला परत टेबलापाशी आली, पद्मावतीचा डावा हात हातात घेतला आणि टेबलावर हलकेच आपटला. एक ठोका, विन्. दुसरा ठोका, डो. असं सुरात म्हणायचं, आधी नुसतं गुणगुणायचं, मग तोंड उघडायचं. मेंदूची बोलायची बाजू बिघडली की गायच्या बाजूने शब्द आत शिरतात, अशी काहीतरी यातली युक्ती. पद्मावतीला युक्तीचं नवल नव्हतं. तीसुद्धा हेच करायची, फक्त पोरांचा तळहात पालथा करून त्यांच्याच हनुवटीखाली धरायला लावायची. जबडा हाताला जितक्यांदा लागेल तितके तुकडे. प्रत्येक तुकड्यात एक स्वर पाहिजे, स्वर नाही तर तुकडा नाही. दोन व्यंजनं शेजारी आली तर कात्री मधून: बास्-केट, पेन्-सिल. जुळी असली तरी लिहिताना मधूनच, एक पोरगं आईकडे, एक बापाकडे. पोरं हसायची. लांबलचक शब्द बघून घाबरलेलं पोर, त्याचे घास करून दिले की कसं खाऊन टाकतं, ते बघण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांना सगळ्यात अवघड जायचा तो शेवटचा ई. केकच्या शेवटी बसलेला, गेटच्या, होमच्या. तो मुका. तुकडे मोजताना त्याला धरायचं नाही. पण त्याला उचलून बाजूला ठेवलं की आधीच्या अक्षराचा आवाज बदलतो, केपची कॅप होते. म्हणजे बोलत नाही, पण बसलेला असतो तोवर बाकीच्यांना नीट बोलायला लावतो. ती आता हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत तशीच बसलेली असते. प्रणीत आणि सुप्रीता तिच्यासमोर हळू आवाजात बोलतात, भांडण असेल तर गाडीत जाऊन करतात आणि परत येताना दूध घेऊन येतात. शब्द मोजायची वेळ आली की तिला धरत नाहीत.

"विन्," ती म्हणाली. डो आला नाही. शिवलीला म्हणाली, सरी, काही हरकत नाही, शुक्रवारी आणू त्याला.

तेव्हापासून ती मंगळवार आणि शुक्रवार धरून जगू लागली. शब्दांसाठी नव्हे. शब्द होते, यायचे तसे यायचे. टे-बल आला, बट-टन आलं, शु-गर आली. ती वाट बघायची मधल्या विश्रांतीची. सुप्रीताचं आतल्या खोलीचं दार बंद, कानाला हेडफोन, बोम्मसंद्राच्या औषधाच्या कारखान्यात कुठला माल अडला आहे त्याचा काथ्याकूट चालू. आणि इथे हॉलमध्ये शिवलीलाचं अथणीजवळचं कुठलंसं गाव येऊन मांडी घालून बसे. शिवलीला पहिल्यासारखी खिडकीशीही जात नसे आता. फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून, समोर बसूनच बोले. म्हातारीला काय कळतंय, कन्नड बाई. पलीकडून आईचा आवाज यायचा, घोगरा आणि भरदार, मागे म्हैस, कोंबड्या, कुणाचातरी ट्रॅक्टर. जेवलीस का गं. जेवले की. काय जेवलीस. भाकरी, वांग्याची भाजी. पद्मावती बघत असायची. मुलीच्या पिशवीत ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा असायचा, अर्धा संपलेला, भाकरी कुठली? खोलीतल्या पोरी चांगल्या हाईत न्हवं? लई चांगल्या, काल आमी समदी मिळून सिनेमाला गेलो. हे सांगताना शिवलीला टेबलावरची चित्रांची कार्डं एकाखाली एक नीट लावत असे, कडा जुळवत असे. सिनेमाला गेलेल्या पोरीच्या अंगावर ते कुठेतरी दिसतं, एखादा हसण्याचा धागा चिकटून राहतो. हिच्या अंगावर फक्त बसचा घाम होता. पद्मावतीने मनातल्या मनात हिशेब घातला: ही पोरगी आईला रोज पोटभर जेवू घालते आणि आपण उपाशी राहते. आणि आई? आईला कळत असणारच. पण तीही विचारत राहते, कारण विचारलं की पोरगी बोलते.

आणि मग यायचा तो प्रश्न, ज्याच्यासाठी पद्मावती खुर्चीत सरळ होऊन बसायची. "म्हातारी कशी हाय तुजी?" म्हातारीने काय केलं, म्हातारी काय म्हणाली, आज हसली का. अथणीकडच्या त्या अंगणात तिचा एक पाट मांडला गेला होता. आईने एकदा सांगितलं, वेखंड उगाळून मधातनं जिभेला लाव म्हणावं, आमच्या परसूच्या नातवाला लावलं तर पोरगं असं बोलाय लागलं की आता गप बसवाय औषध पायजे. शिवलीला हसून लोटपोट. "आई, मी शिकून आलीया हितं, आनि मला वेखंड लावाय सांगत्यास व्हय?" पद्मावतीही हसली. ओठांचा डावा कोपरा वर गेला, उजवा राहिला. शिवलीलाला वाटलं, आपण हसलो म्हणून म्हातारी हसली. म्हणाली, बघ आई, हसायलीय. पद्मावतीला त्या क्षणी सांगता आलं असतं. निदान खूण करता आली असती, फोनकडे बोट दाखवून, छातीवर हात ठेवून. बोट उचललं सुद्धा तिने. मग परत ठेवलं.

कारण तिने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या होत्या. मला मराठी येतं असं हिला कळलं तर मिळेल काय? एक माणूस, मराठी बोलणारं, समोर. चांगलंच आहे. आणि जाईल काय? हा फोन. कुठली पोरगी तिसऱ्या माणसादेखत आईला असं सांगेल की मला इथे रात्र खायला उठते, की आई, तू ते साखर कारखान्यातल्या मुलाचं काढू नकोस, माजं मन न्हाई अजून? फोन जिन्यात जाईल. 'म्हातारी' जाईल, तिच्या जागी आजी येईल, अहो-जाहो येईल. या वयात, या अवस्थेत तिला सगळेच आदराने वागवत होते. आदराने ती अगदी गळ्यापर्यंत आली होती. पाठीमागे म्हातारी म्हणणारं, आणि ते तोंडावर म्हणणारं, जगात हे एकच माणूस होतं. न कळलेलं बरं. भिंतीला कान असतात ते उगीच नाही. भिंतीला काही मिळत असणार त्यात.

इथपर्यंत ठीक होतं. मग एका रविवारी प्रणीतला शिवलीलाच्या सेंटरच्या कोणाशी फोनवर बोलताना तिने ऐकलं. प्रोग्रेस चांगला आहे, तो म्हणत होता, आणखी थोडे शब्द आले की आपण आठवड्यातून एकदाच करू, मग ऑनलाइन. तो आनंदाने बोलत होता. फोन ठेवून तो तिच्याजवळ आला, तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, यू आर डूइंग सो वेल, अम्मा. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या कपाळावर बापासारखीच मधोमध एक उभी रेघ पडायला लागली होती.

मंगळवारी तिने 'वॉ' म्हटलं आणि 'टर' म्हटलं नाही. 'टर' तयार होता. जिभेच्या टोकापाशी, दातांच्या आड, दाराशी बूट घालून उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा. तिने त्याला जाऊ दिलं नाही. आजारी पडल्यापासून दुसऱ्यांनी हलवायची, पुसायची, भरवायची ती एक वस्तू झाली होती. आता पहिल्यांदा तिच्या मुठीत काहीतरी तिचं असं होतं. तिला पोरीसारखी मजा वाटली. तिच्या वर्गात असा एक मुलगा होता, हयवदन म्हणून, ज्याला सगळं यायचं, पण तो येत नाही म्हणायचा, कारण ज्याला येत नाही त्याला बाई शेजारी बसवून घेत. तिने त्याला डोळ्यांवरून ओळखलं होतं आणि तरी शेजारी बसवून घेतलं होतं. शिवलीलाने ओळखलं नाही. तिचं वय नव्हतं तेवढं, आणि तिचा म्हातारीवर विश्वास होता. ती फक्त जास्त मेहनत घेऊ लागली. नवी कार्डं करून आणली, फोनवर रंगीत चौकोन आणले, एका चौकोनात एक तुकडा. पद्मावती एका चौकोनावर थांबायची. शुगरचा शु, टेबलचा टे. मुलीचा चेहरा दर वेळी जरासा उतरायचा आणि दर वेळी ती तो परत वर लावायची. पद्मावतीने ते पाहिलं. पाहून बाजूला ठेवलं, नंतर बघू म्हणून, जसं माणूस महिनाअखेरची बिलं ठेवतं.

मग सुप्रीता एकदा विश्रांतीच्या आधीच बाहेर आली आणि अतिशय गोड कन्नडमध्ये शिवलीलाला म्हणाली, तुम्ही खूप करता हो, पण प्रणीत म्हणत होते की सेंटरला विचारून एखाद्या सिनियरना दाखवावं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शिवलीला म्हणाली, नाही, नाही. सुप्रीताने तिला कॉफी विचारली. तिने नको म्हटलं. आतलं दार बंद झाल्यावर तिने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला, आणि जेवलीस काय हा प्रश्न पलीकडून यायच्या आत म्हणाली, "आई, मला कायबी जमंना झालंय गं."

पलीकडे आईच्या मागे कोंबड्या ऐकू येत होत्या. शिवलीला सांगत गेली, आणि आज कार्डांच्या कडा जुळवायला तिचे हात नव्हते, ते मांडीवर पडले होते. म्हातारी आदी बोलायची, आता इसरायलीय. म्हंजे माजंच काय तरी चुकतंय. दुसऱ्या पेशंटांचं बी असंच हुईल. सिनेमाला गेलो म्हणाले न्हवं, न्हाई गेले आई, त्या पोरी मला बोलवत न्हाईत. म्हातारीपाशी बसलं की तेवढंच बरं वाटायचं, आता ते बी काढून घ्यायलेत. त्या साखर कारखान्यातल्या मुलाला काय कळवायचं ते कळव तू. मी येते.

पद्मावती ते बाजूला ठेवलेलं सगळं एकदम तिच्यासमोर येऊन पडलेलं बघत होती. तिने घाईघाईने मूठ उघडली. घे, हा घे तुझा टर, हे तुझं बटन, तुझी साखर. तिने ओठ जुळवले आणि "वॉ" म्हणाली. शिवलीलाने वर पाहिलं, सवयीने, ओल्या डोळ्यांनी, आणि वाट पाहिली. टर नव्हता. दाराशी कुणी उभं नव्हतं. इतके दिवस अडवून धरलेला पाहुणा कधीतरी कंटाळून निघून गेला होता आणि तिला पत्ताही लागला नव्हता. तिने टे शोधला, बट शोधला. डोक्यात सगळे जागच्या जागी दिसत होते, लिहिलेले, मधे बारीक आडव्या रेघा मारलेले, आणि त्यांच्यातला एकही हलत नव्हता. पलीकडून आई म्हणत होती, ये मग, सकाळची बस धर आन् ये, आमाला काय तू जड न्हाईस. शिवलीला म्हणत होती, व्हय, येते. शिवलीला फोनकडे हात नेत होती. पद्मावतीने आपला डावा हात टेबलावर आपटला. कार्डं उडाली. एक ठोका.

"न," ती म्हणाली.

शिवलीला थबकली. पद्मावतीने हात पुन्हा आपटला.

"को."

खोलीत फक्त फोनमधला ट्रॅक्टर चालू होता. ती थांबली नाही. थांबलं तर परत कोण सापडतं. एक ठोका, एक तुकडा. "जा." "ऊ." आणि मग पहिले दोन एकत्र, एका दमात, थुंकीचा एक बारीक तुषार उडाला तिच्या तोंडातून, "नको."

"कोन बोललं गं?" फोनमधून आईने विचारलं.

शिवलीलाचा फोनकडे नेलेला हात तसाच राहिला. ती पद्मावतीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते पद्मावतीने नीट पाहिलं, तिला बघण्यापासून सुटका नव्हती. आधी आनंद, तो खरा, झळाळून आलेला. मग त्याच्या मागोमाग, पायरीवर पाय घसरावा तसं, सगळे मंगळवार आणि सगळे शुक्रवार. भाकरी. सिनेमा. साखर कारखाना. म्हातारी. मुलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने फोन उचलला, आई, मागनं करते म्हणाली, आणि बंद केला. मग तिने साडीचा पदर असल्यासारखी ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट घेतली आणि पुस्तकातलं, शाळेतलं मराठी काढून हळूच विचारलं, "आजी, तुम्हाला सगळं समजत होतं?"

पद्मावतीने मान हलवली. होय.

"पहिल्यापासून?"

होय.

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं चांगलंच झालं. सिनियरबाईंचा विषय निघाला तसा मिटला. अम्मांचे शब्द मराठीत येतात हे सुप्रीताला सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला, प्रणीतने संध्याकाळी येऊन आईच्या खुर्चीशेजारी खाली बसून, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, अडखळत म्हटलं, "अम्मा, मी... मला लक्षात नाही आलं," आणि ते 'लक्षात' त्याने तिच्यासारखंच, 'क्ष' जरा दाबून म्हटलं. शिवलीलाने गावी जायचं रद्द केलं. नवी कार्डं केली, देवनागरीत. इंग्रजीला कात्री लागते, तिने प्रणीतला समजावून सांगितलं, मराठी अक्षरं मुळातच सुटी सुटी असतात, सोपं जाईल. सोपं गेलं. पा-णी आलं, ता-क आलं, खि-ड-की आली. मैसूरला फोन लावला गेला तेव्हा पद्मावतीने "ज-य" म्हटलं आणि जयतीर्थ या वेळी रडता रडता हसला. शिवलीला तिच्याशी फार अदबीने बोलते. आजी, आपण थोडी विश्रांती घ्यावी. आजी, आता पुढचा शब्द घेऊ या का? कपाट उघडून घडीचा कपडा काढावा तसं एक एक क्रियापद ती नीट करून लावते. पद्मावतीला तिचा 'लई' ऐकायचा असतो. तो मागायचा कसा, हे कुठल्याच कार्डावर नाही.

शुक्रवारी 'द-र-वा-जा' झाला. चार तुकडे, एका पाठोपाठ एक, न चुकता. शिवलीलाने टाळ्या वाजवल्या, मोजून. मग तिचा फोन वाजला. तिने पडद्यावर बघितलं, ओढणी सावरली, "आजी, पाच मिनिटं हं," म्हणाली, आणि उठून बाहेर जिन्यात गेली. जाताना तिने बाहेरचं दार ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरून. दारापलीकडे तिचा आवाज सुरू झाला. उंच, मोकळा, उन्हातला. मग कशाला तरी ती खळखळून हसली. शब्द एकही कळत नव्हता, नुसते ठोके येत होते, लांबून येणाऱ्या वरातीसारखे. पद्मावती मान कलती करून ऐकत राहिली. डावा हात टेबलावर होता, तो तिने उचलला नाही, काही गुणगुणलं नाही, काही शोधायला आत गेली नाही. आजारी पडल्यापासूनचं तिचं पहिलं अख्खं वाक्य तिच्या तोंडून पडलं, कुठेही न तुटता, रोजच्यासारखं, जरा खेकसून.

"दार उघडं ठेव की गं."

हॉलमध्ये कोणी नव्हतं. आतल्या खोलीत सुप्रीता कुणाला तरी माल कधी निघणार ते विचारत होती. जिन्यात बोलणं चालू होतं.